इंग्रजी लिहायचं, पण कुणासाठी?

सातवीच्या वर्गातल्या ‘माय मदर’ या निबंधाच्या वह्या सलग तपासायला घेतल्या की दहाव्या-बाराव्या वहीपाशी एक गंमत ध्यानात येते. वर्गात मुलं चाळीस, पण आई एकच. ती पहाटे पाचला उठते, ती प्रेमळ आहे, तिच्या हाताला चव आहे आणि ती जगातली सर्वांत चांगली आई आहे. प्रत्यक्षात यातल्या एकीची आई सूतगिरणीत रात्रपाळी करते, एकाची आई दिवाळी झाली की ऊसतोडीला जाते ती उन्हाळ्यातच परतते आणि आणखी एकीच्या आईचं आजीशी अजिबात पटत नाही. यातलं काहीच वहीत शिरत नाही. फळ्यावरून उतरवून घेतलेली आई तेवढी शिरते. अक्षर वळणदार, स्पेलिंगं बिनचूक, खाली लाल शाईत ‘गुड’ आणि तारखेसह सही.

याच मुलांना म्हणावं, काल शाळा सुटल्यावर काय केलंत ते इंग्रजीत चार ओळी लिहा. वर्ग गप्प. मग प्रश्न सुरू होतात. ‘बाई, रफ वहीत की फेअर वहीत?’ ‘सर, किती ओळी?’ ‘समास सोडायचा का?’ ‘बाई, ‘पडलो’ला काय म्हणतात?’ तास संपतो तेव्हा बऱ्याच वह्यांत तारीख आणि शीर्षक एवढंच असतं. शिक्षकांच्या खोलीत यावर ठरलेलं उत्तर ऐकू येतं, की मुलांना लिहायचा कंटाळाच आहे हो. कंटाळा म्हणावा, तर यातलीच मोबाइल हाती लागलेली मुलं संध्याकाळभर व्हॉट्सॲपवर ‘कुठे आहेस’, ‘जेवलास का’, ‘उद्या मॅच आहे’ असं इंग्रजी अक्षरांतलं मराठी बडवत बसतात. तेव्हा लिहिण्याचा कंटाळा नाही आणि ए-बी-सी-डीची भीतीही नाही. फरक आहे तो पलीकडे कोण बसलंय याचा. फोनच्या पलीकडे उत्तराची वाट बघणारा मित्र असतो. वहीच्या पलीकडे असतो तो तपासनीस. इंग्रजी लिहायला शिकणाऱ्या मुलांना आपण तपासनीस भरपूर दिले, वाचक मात्र दिला नाही, असं माझं सरळ म्हणणं आहे.

ही सवय जुनी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा, नियम पाठ करा, पुढच्या पाठाला लागा. त्या पाठमालांनी अनेकांचं व्याकरण पक्कं केलं हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यातली वाक्यं कुणी कुणाला म्हणत नसे. ती फक्त बरोबर किंवा चूक असत. पुढे २००० साली राज्याच्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून आलं. त्याबरोबर गाणी, खेळ, साध्या सूचना आल्या, मुलांच्या कानावर इंग्रजी लवकर पडू लागलं. लेखनाचा तास मात्र फळ्यावरून उतरवून घेण्याचाच राहिला.

त्यात वाचनाची अडचण वेगळीच. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२२च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी २४.५ टक्के मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली आणि आठवीतल्या ४६.७ टक्के मुलांना. म्हणजे आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना ‘व्हॉट इज द टाइम’ या वळणाचं वाक्यही वाचायला जड जातं, आणि त्यांच्याकडून आपण ‘माय फेव्हरिट सीझन’वर निबंध मागतो. अशा मुलानं गाइडमधून उतरवलं तर तो त्याचा आळशीपणा म्हणायचा का? त्याला सुटकेची तेवढी एकच वाट दिसते.

मग वाचक द्यायचा म्हणजे काय करायचं? याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण लॉस एंजेलिसच्या एका साध्या सरकारी शाळेतलं आहे. लेस्ली रीड नावाच्या शिक्षिका तिथं सहावीला शिकवत. प्रत्येक मुलाकडे एक वही असे. मुलानं त्यात रोज आपल्या मनातलं काहीतरी लिहायचं आणि बाईंनी रोज प्रत्येक वहीत उत्तर लिहायचं, एवढाच नियम. विषय मुलाचा. वही दोघांतच राहायची. तिला गुण नाहीत आणि लाल खुणाही नाहीत. गणित जड जातं, अमक्याशी भांडण झालं, तुम्ही काल माझ्यावर उगाच ओरडलात, असं सगळं त्यात येई. १९७९-८०च्या सुमारास जाना स्टेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वह्यांचा बारकाईनं अभ्यास केला. पुढे घरी वेगळीच भाषा बोलणाऱ्या, इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्या मुलांच्या वह्याही जॉय क्रीफ्ट पेटन यांच्यासारख्या अभ्यासकांनी तपासल्या. इंग्रजीत या प्रकाराला ‘डायलॉग जर्नल’ म्हणतात. आपण संवादवही म्हणू.

रीडबाईंच्या पद्धतीतली खरी कारागिरी त्यांच्या उत्तरात होती. मूल चुकीचं लिहायचं, त्या चूक दाखवायच्या नाहीत. पण उत्तर देताना तोच शब्द, तीच रचना बरोबर वापरून परत करायच्या. आपल्याकडचं उदाहरण करून बघू. समजा, सांगोल्याकडच्या एखाद्या मुलीनं लिहिलं: ‘माय गोट गिव्ह टू बेबी. वन बेबी नॉट ड्रिंक मिल्क. आय ॲम व्हेरी टेन्शन.’ तपासनिसाला इथं तीन ओळींत चार-पाच चुका दिसतील. क्रियापद चुकलं, अनेकवचन चुकलं, ‘डज’ नाही, ‘टेन्शन’ असं वापरत नाहीत. वाचकाला काय दिसेल? शेळी व्याली, दोन करडं झाली, एक दूध पीत नाही आणि पोरीच्या जिवाला घोर लागलाय. मग बाईंनी खाली लिहायचं: ‘सो युअर गोट हॅड टू किड्स! आय ॲम वरीड अबाउट द वन दॅट डजन्ट ड्रिंक मिल्क. डिड यू ट्राय अ बॉटल?’

दुसऱ्या दिवशी मुलगी वही उघडते ती आधी उत्तर वाचायला. व्याकरण शिकायचं म्हणून ती वाचत नाही, बाईंनी करडाबद्दल काय म्हटलंय ते बघायला वाचते. पण वाचता वाचता ‘हॅड टू किड्स’ डोळ्यांखालून जातं, ‘डजन्ट ड्रिंक’ जातं, ‘वरीड’ जातं. शिवाय बाईंनी प्रश्न विचारलाय, तेव्हा उत्तर देणं आलं. ‘यस, आय ट्राय बॉटल. ही ड्रिंक लिटल.’ पुन्हा चुकलंच. पण कालच्या तीन ओळींच्या आज पाच झाल्या आणि उद्या लिहायला विषय शोधावा लागणार नाही. वर्गातल्या चाळीस जणांच्या चाळीस वेगळ्या आया दिसायला लागतात त्या अशाच वहीत.

इथं कुठलाही प्रामाणिक शिक्षक विचारील, चुका दाखवायच्याच नाहीत का? हा वाद इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या जगात चांगलाच पेटलेला आहे. तैवानमध्ये शिकवणाऱ्या जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली एक लेख लिहून ठणकावून सांगितलं की दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या लेखनातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त करणं निरुपयोगी तर आहेच, वर अपायकारकही आहे. ते बंद करा. तीन वर्षांनी डेना फेरिस यांनी त्याला उत्तर दिलं. दुरुस्ती कशाची, कशी आणि कुणाची यावर सगळं अवलंबून आहे, सरसकट बंद करा म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी १९८४ साली हॅरिएट सेमके यांनी अमेरिकेत जर्मन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींच्या लेखनावर फक्त मजकुराबद्दल अभिप्राय दिला, काहींच्या चुका दुरुस्त केल्या, काहींना दोन्ही दिलं आणि काहींना नुसत्या खुणा करून चुका स्वतः सुधारायला लावलं. अचूकतेत गटागटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण ज्यांना नुसता अभिप्राय मिळाला ते अधिक लिहू लागले.

दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला जॉन बिचनर यांनी परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या लेखनात फक्त ‘अ’ आणि ‘द’ यांचे दोन ठरावीक उपयोग तेवढे दुरुस्त केले, बाकी काही नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दुरुस्ती मिळालेल्यांची सुधारणा दोन महिन्यांनंतरही टिकून होती. आपल्याला हे विशेष लागू पडतं, कारण मराठीत ‘अ’ आणि ‘द’सारखं काही नाहीच, पीएच.डी. झालेला मराठी माणूसही तिथं अडखळतो. क्रियापद आपण वाक्याच्या शेवटी ठेवतो आणि ‘वर’, ‘मध्ये’, ‘कडे’ हे नामाला मागून जोडतो. या चुका हमखास होणारच. माझा हिशेब असा: एका वेळी एकच चूक धरावी. महिनाभर फक्त भूतकाळी क्रियापद, पुढच्या महिन्यात फक्त अनेकवचन. तीही संवादवहीत धरायची नाही, दुसऱ्या लिखाणात धरायची. सगळीकडे लाल करून टाकलेलं पान मूल परत वाचतच नाही, ते फक्त गुण बघून वही मिटतं. हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. तरी आपण पान लाल करतो, कारण लाल नसलेली वही पालकांना आणि केंद्रप्रमुखांना न तपासलेली वाटते.

आता विषयांचं बघू. ‘रेनी सीझन’, ‘माय स्कूल’, ‘अ व्हिजिट टू झू’ हे विषय ज्यानं काढले त्याला उत्तर ऐकायचं नव्हतं. गडचिरोलीच्या मुलाला प्राणिसंग्रहालयापेक्षा मोहाच्या फुलांबद्दल जास्त सांगता येईल आणि मालवणच्या मुलाला रापणीबद्दल. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांना हे फार आधी उमगलं होतं. त्यांच्या वर्गात इंग्लंडहून आलेल्या वळणाची गोडगोड वाचनपुस्तकं होती. त्यातले ‘कम’ आणि ‘लुक’सारखे शब्द काही मुलांना महिनोन्‌महिने येत नव्हते. बाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं. रोज सकाळी एकेका मुलाला जवळ घेऊन विचारायचं, आज तुला कुठला शब्द हवाय? मूल म्हणेल तो शब्द जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या हातात द्यायचा. मुलांनी मागितलेले शब्द काय होते? भूत, पापा, सुरी, तुरुंग, पोलीस. ज्या मुलाला ‘लुक’ येत नव्हतं त्याला ‘पोलीस’ एका दमात यायचं. दुसऱ्या दिवशी जो शब्द ओळखता आला नाही तो बाई सरळ टाकून देत. तो त्या मुलाच्या आतला नव्हताच. शब्दांवरून मुलं वाक्यांकडे जात आणि आपल्याच वाक्यांची आपली पुस्तकं वाचत. ‘टीचर’ हे त्यांचं पुस्तक १९६३ साली आलं. आपल्या पहिली-दुसरीच्या बाईंनी तेवढं एक पुस्तक वाचलं तरी इंग्रजीचा तास बदलेल असं मला वाटतं.

मोठ्या मुलांसाठी हाच विचार थोड्या वेगळ्या रीतीनं आपल्याच देशात झाला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर, मद्रास वगैरे ठिकाणच्या साध्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा एक प्रकल्प चालवला. त्यात व्याकरणाचे पाठ नव्हते. रेल्वेचं वेळापत्रक वाचून कुठली गाडी धरावी, नकाशावरून कसं जावं, असली कोडी मुलांपुढे ठेवली जात आणि ती सोडवण्याच्या नादात भाषा आपसूक अंगवळणी पडे. लक्ष अर्थाकडे असलं की भाषेची घडण मागून येते, हा प्रभूंचा मुद्दा. आपल्याकडे एस.टी.चं वेळापत्रक, बाजारभावाचा तक्ता, खताच्या गोणीवरचा मजकूर यांतून हे सहज करता येईल.

यानंतरची अडचण थेट आहे. सांगायचं पुष्कळ आहे, पण शब्द मराठीत आहेत. इथं आपले कडक शिक्षक म्हणतात, इंग्रजीच्या तासाला मराठी बोललात तर दंड. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात सातवीच्या एका वर्गात याच्या नेमकं उलट केलं गेलं. जिम कमिन्स यांनी २००५ साली त्याविषयी लिहिलं आहे. पाकिस्तानातून आलेल्या तीन मैत्रिणी, पैकी एकीला येऊन थोडेच आठवडे झालेले, तिचं इंग्रजी जेमतेम. तिघींनी मिळून ‘द न्यू कंट्री’ नावाचं वीस पानांचं पुस्तक तयार केलं, उर्दूत आणि इंग्रजीत. आपसातली चर्चा उर्दूत, मसुदा इंग्रजीत, मग भाषांतर इकडून तिकडे. देश सोडून येण्याबद्दल त्या तिघींना बोलायचं होतं आणि नव्यानं आलेल्या मुलीकडे सांगण्यासारखं सर्वांत जास्त होतं. ‘फक्त इंग्रजीत लिही’ म्हटलं असतं तर तिनं दोन-चार वाक्यांवर पेन ठेवलं असतं आणि वर्गाच्या लेखी ती कच्ची मुलगी ठरली असती.

आपल्या वर्गात याचा अर्थ एवढाच, की पहिला खर्डा वाटेल त्या मिसळीत येऊ द्यावा. ‘माय आजी इज मेकिंग थालीपीठ. शी पुट लोण्याचा गोळा ऑन इट.’ हे वाक्य पूर्ण आहे, त्यात माणूस आहे, वास आहे. थालीपीठ थालीपीठच राहू द्यावं, त्याला इंग्रजी नाव शोधत बसू नये. लोण्याच्या गोळ्याचं काय करायचं ते दुसऱ्या खर्ड्यात बघता येईल. शब्द अडला की मुलानं मराठीत लिहून पुढे जावं, थांबू नये. एका शब्दासाठी थांबलेलं मूल पुढचं सगळं विसरतं.

वाचनाविषयी मघाशी जे म्हटलं त्याला एक चांगलं उत्तर फिजी बेटांवरून आलेलं आहे. १९८०-८१मध्ये वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी तिथल्या खेड्यांतल्या शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे २५० गोष्टींची पुस्तकं दिली. या मुलांची घरची भाषा फिजियन किंवा हिंदी, इंग्रजी फक्त शाळेतली. बाकीचे वर्ग ठरीव वाक्यं घोकण्याच्या नेहमीच्या पद्धतीनं चालले होते. पुस्तकं मिळालेल्या मुलांच्या वाचनाची गती पहिल्याच वर्षी इतरांच्या सुमारे दुप्पट झाली. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते दुसऱ्या वर्षाचं: तोवर त्यांचं लेखनही इतरांच्या पुढे गेलं होतं, लेखनाचे जादा तास न घेता. आपल्या शाळांत इंग्रजी गोष्टींची पुस्तकं असतात, नाही असं नाही. ती बहुधा कपाटात असतात आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते.

बक्षिसांबद्दल मात्र मी सावध आहे. ‘जो इंग्रजीत सर्वांत जास्त लिहील त्याला कंपास पेटी’ असं जाहीर केलं की आठवडाभर धूम लेखन होतं, हे खरं. पण १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या चिमुरड्यांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल, काहींना न सांगता दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर प्रशस्तिपत्राच्या आशेनं चित्र काढणारी मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी रमत होती. आवडीचं काम मजुरीचं झालं होतं. लेखनाची आवड मुळात नसलेल्या मुलांना हे जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण जे मूल आत्ताआत्ताशी आपण होऊन दोन ओळी लिहायला लागलंय, त्याच्यापुढे कंपास पेटी नाचवू नये. न सांगता दिलेल्या बक्षिसानं तसा तोटा झाला नव्हता, हेही लक्षात ठेवावं.

शिक्षक हा पहिला वाचक. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण बाई वाचतात ते पगारासाठी अशी शंका मोठ्या मुलांना येतेच. फ्रान्समधल्या सेलेस्टँ फ्रेने यांनी यावर शंभर वर्षांपूर्वी उपाय काढला. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेला हा शिक्षक. वर्गात फार वेळ बोलणं त्याला झेपत नसे. १९२४ साली दक्षिणेतल्या बार-सुर-लू गावच्या शाळेत त्यानं एक छोटं हातछपाईचं यंत्र आणलं. मुलांनी आपल्या मनानं लिहिलेला मजकूर वर्गात वाचायचा, सर्वांनी निवडायचा, खिळे जुळवून छापायचा. मग ही पानं ब्रिटनीतल्या ट्रेगँक इथं रेने दानियल या शिक्षकाच्या शाळेला जायला लागली आणि तिथली पानं इकडे. ब्रिटनीतल्या त्या भागात घरोघरी ब्रेटन बोलली जायची, फ्रेंच ही शाळेत शिकायची भाषा. समुद्राकाठच्या त्या मुलांना डोंगरातल्या मुलांशी बोलायचं तर फ्रेंचशिवाय गत्यंतर नव्हतं. खिळे जुळवताना उलटं अक्षर लागलं तर मुलंच आरडाओरडा करायची, कारण छापलेलं पान परगावी जाणार होतं. शुद्धलेखनाला असं कारण मिळालं की ते शिकवणं सोपं होतं.

आपल्याकडे शाळेचं हस्तलिखित काढायची जुनी चाल आहे. त्यात इंग्रजीची चार पानं घातली तर बरं, पण एक खोच आहे. चिपळूणच्या मुलानं वर्ध्याच्या मुलाला इंग्रजीत का लिहावं? दोघांना मराठी येतं. उगाच इंग्रजी लिहायला लावलं तर मुलांना त्यातला खोटेपणा लगेच कळतो. इंग्रजीवाचून ज्याच्याशी बोलताच येणार नाही असा वाचक हवा. केरळातली, आसामातली एखादी शाळा. सोलापूरच्या मुलांना विजयपुऱ्याची कन्नड शाळा तर हाकेच्या अंतरावर. आणखी एक वाचक आता पुष्कळ घरांत तयार आहे: अमेरिकेत नाहीतर इंग्लंडात वाढणारी मामेबहीण किंवा चुलतभाऊ, ज्याला मराठी समजतं, थोडं बोलताही येतं, पण देवनागरी वाचता येत नाही. त्याला आजीच्या गुडघ्याचं काय झालं, गावच्या जत्रेत यंदा बैलगाडा शर्यत झाली का, हे खरोखर हवं असतं. त्यासाठी ना प्रकल्प लागतो ना परिपत्रक. शाळांना शाळा जोडायला पोस्टकार्डंही पुरतात. पोस्टकार्डावर जागा कमी असते, आणि सुरुवात करणाऱ्याला ती कमीच हवी असते.

अडचणी आहेत. साठ मुलांच्या वर्गात रोज साठ वह्यांना उत्तर देणं कुणालाच जमणार नाही. मग वर्गाचे पाच-सहा गट करावे, एका दिवशी एका गटाच्या वह्या घ्याव्या आणि प्रत्येकीला दोन-तीन ओळींचं उत्तर द्यावं. आकारिक मूल्यमापनात याला जागा करता येते. त्याहून नाजूक अडचण शिक्षकांची आहे, तिच्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. लाल पेनानं ‘गुड’ लिहिणं सोपं असतं. करडाबद्दल तीन ओळी स्वतःच्या इंग्रजीत लिहिणं कठीण. आपलंच वाक्य चुकलं तर, मुलानं घरी दाखवलं तर, ही भीती गुरुजींनाही असते, कारण तेही उतरवून घेतलेल्या इंग्रजीवरच वाढले. त्यांनी शब्दकोश उघडून, खाडाखोड करून लिहावं आणि ती खाडाखोड मुलांना दिसू द्यावी. मोठं माणूस लिहिताना कसं अडतं हे मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं.

दहावीचं भूत उरतंच. कृतिपत्रिकेत पत्र, संवाद, बातमी, भाषण विचारतात. पत्त्याची जागा, विषयाची ओळ, शेवटचं ‘युअर्स फेथफुली’ याला महत्त्व असतं. ते साचे शिकवावेच लागतील आणि शेवटच्या वर्षात ते फार वेळ घेत नाहीत. साच्यात ओतायला काही असावं लागतं, ते मात्र ऐन वेळी येत नाही. आता तर मोबाइलला नुसतं सांगितलं की शंभर-दीडशे शब्दांचा बिनचूक निबंध समोर हजर होतो. पहाटे पाचला उठणारी ती आई लिहायला आता गाइडचीही गरज उरली नाही. कुणालाही वाचायचा नसलेला निबंध यंत्रानं लिहिला तर त्यात मुलाचं काय चुकलं, हे मला नीट सांगता येत नाही. शेळीच्या करडाचं मात्र यंत्राला माहीत नसतं.

पालकसभेत एक प्रश्न नक्की येतो: वहीत एवढ्या चुका, आणि बाईंनी एकही खूण केलेली नाही? अशा वेळी जूनचं पान आणि फेब्रुवारीचं पान शेजारी-शेजारी ठेवून दाखवावं, पण आधीच एक गोष्ट सांगून टाकावी. फेब्रुवारीच्या पानावर चुका कमी झालेल्या दिसतीलच असं नाही, बऱ्याचदा त्या वाढलेल्या असतात. जूनमध्ये मुलानं दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्याही येत होत्या तेवढ्याच. आता त्यानं पानभर लिहिलंय, ‘बिकॉज’ घालून वाक्य लांबवलंय, काल घडलेलं आणि उद्या घडणारं एकाच परिच्छेदात आणायचा प्रयत्न केलाय, आणि तिथं तो घसरलाय. ज्या रचना जूनमध्ये तो वापरतच नव्हता त्या जूनमध्ये चुकणार तरी कशा? म्हणून एकूण चुका मोजायच्या नाहीत. जूनमध्ये चुकणारी कुठली गोष्ट आता चुकत नाही ती एक शोधून पालकांना बोट ठेवून दाखवायची, आणि मग त्यांना पान वाचायला द्यायचं. इंग्रजी न येणाऱ्या पालकांना मुलानंच ते मराठीत सांगावं.